तेरावा वाटा

नोरोसेन गावात मूस हरणाचे वाटे घालायचे म्हटलं की मायलिस नेसस्ट्रमला बोलावणं जायचंच. लांबलचक टेबलावर फर झाडाच्या डहाळ्या अंथरून बारा ढीग लावलेले असायचे. प्रत्येकात थोडं मांडीचं, थोडं खांद्याचं, थोडं मानेचं. मायलिस टेबलाकडे पाठ करून, भिंतीला नाक लावून उभी राहायची. मग शिकारमंडळाचा म्होरक्या टोर्गनी काठीचं टोक कुठल्यातरी ढिगावर टेकवून विचारायचा, "हा कोणाचा?" आणि मायलिस न बघता मनाला येईल ते नाव ठोकून द्यायची. "हिलेवीचा!" की लगेच "आलं!" म्हणत हिलेवी आपली परात घेऊन पुढे. भांडण नाही, तंटा नाही. पुकारणाऱ्याचा स्वतःचा वाटा नसला की कुणाला संशय घ्यायला जागाच उरत नाही.

सव्वीस वर्षं तिने हे काम केलं. दरवर्षी बारा नावं, आणि त्यात तिचं नाव एकदाही नाही.

ती गावात आली होती शाळेच्या स्वयंपाकघरात, चोविसाव्या वर्षी, समुद्रकाठच्या गावातून. पुढे शाळा बंद पडली, मुलं बसने लांबच्या शाळेत जायला लागली, मायलिस मात्र जागची हलली नाही. शाळेच्या मागेच गावाची फ्रीझरखोली होती. घरोघरी फ्रीझर नव्हते तेव्हा गावाने मिळून बांधलेली, आत नंबर घातलेले चोवीस कप्पे. तिची किल्ली मायलिसकडे आली ती आलीच. कोणाचं मांस कुठल्या सालचं, कोणाच्या खिम्याला चरबी जास्त, सगळं तिला तोंडपाठ. मांस कागदात कसं घट्ट गुंडाळायचं, आत हवा का राहू द्यायची नाही, हे तिने अर्ध्या गावाला ओरडून ओरडून शिकवलं. ओरडूनच, कारण हळू बोलणं बाईला ठाऊकच नव्हतं. पण वाटा मिळतो जमिनीवर, आणि मायलिसची जमीन म्हणजे खिडकीतल्या तीन कुंड्या. बिनजमिनीच्या माणसाला घ्यायचं तर मंडळाची परवानगी लागते, आणि ती आजवर कोणी मागितली नव्हती.

तर या बाईने त्रेसष्टाव्या वर्षी शिकारीची परीक्षा दिली! पुस्तक पाठ केलं, रुळावरून पळणाऱ्या पुठ्ठ्याच्या मूसवर गोळ्या झाडल्या, खांदा काळानिळा करून घेतला आणि पास झाली. जुलैच्या सभेत ती परीक्षेचा कागद घेऊनच उभी राहिली.

"मला वाटा हवाय," ती म्हणाली.

टोर्गनीने चष्मा काढला, पुसला, परत घातला. सत्तरीचा माणूस, चार शब्दांत काम होत असेल तर पाचवा वापरायचा नाही.

"तेरावा वाटा ठेवायचा कुठे? फ्रीझरखोली भरलीये. तूच ओरडत असतेस."

हे खरं होतं. मूस मोठा, घरं छोटी आणि माणसं कंजूष. नवीन मांस आलं की वर ठेवायचं आणि वरचंच खायचं. तळाचं तसंच वर्षानुवर्षं दगड होऊन पडलेलं. आणि फेकायचं तर नावही काढायचं नाही. जंगलातून आणलेलं मांस फेकणाऱ्याला नोरोसेनमध्ये कोणी कॉफीला बोलावत नाही.

"आधी ती रिकामी होऊ दे," टोर्गनी म्हणाला, "मग बघू."

हे नकाराचंच गोड रूप, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मायलिसलाही कळलं. पण तिच्या अंगात एकदम वारं शिरलं.

"हिलेवी, लिही!" ती कडाडली. हिलेवी म्हणजे मंडळाची चिटणीस आणि मायलिसची जिवाभावाची मैत्रीण. "लिही, शिकार सुरू व्हायच्या आदल्या रविवारी संध्याकाळी सहापर्यंत सगळे चोवीस कप्पे रिकामे, तर मायलिसला वाटा."

"मांस पोटात गेलं पाहिजे," टोर्गनी म्हणाला. "एक तुकडा जरी कचऱ्यात गेला तर करार रद्द. घरच्या फ्रीझरात लपवला तरी रद्द."

"कुत्र्यांचं पोट चालेल?"

"कडा चालतील. गोठून वाळलेल्या कडा. बाकी माणसांचं पोट."

"लिहिलंस?"

"लिहिलं गं बाई," हिलेवी म्हणाली. "पण तुझं डोकं फिरलंय, तेही लिहू का?"

सगळे हसले. मायलिसही हसली, पण घरी जाताना तिचे पाय जमिनीवर नव्हते. आठ आठवडे! सोमवारी सकाळी तिने शाळेचं जुनं स्वयंपाकघर उघडलं, चूल पेटवली, आणि फ्रीझरखोलीच्या दारावर खडूने लिहिलं: बुधवारी आणि शनिवारी जेवण शाळेच्या स्वयंपाकघरात. येताना आपल्या कप्प्यातलं सर्वांत खालचं पुडकं आणायचं. वरचं आणणाऱ्याला परत पाठवलं जाईल.

पहिल्या बुधवारी चार माणसं आली, त्यातली दोन फक्त गंमत बघायला. मायलिसने खिमा आधी संपवायला घेतला, कारण खिमा लवकर खवट होतो, सबंध तुकडे दम धरतात. गोळे केले, साईच्या रश्शात सोडले, वर आंबट लाल लिंगनबेरीचा जाम. गंमत बघायला आलेल्यांनी तीन तीन वेळा ताट भरून घेतलं. शनिवारी एकोणीस जणं!

मग काय, गावाला चटकच लागली. अर्धवट वितळलेल्या मांसाचे कागदासारखे पातळ काप निघतात. तसे काप ती लोखंडी तव्यावर मशरूम घालून परतायची, की वास तळ्यापर्यंत जायचा. मांडीचा गोठलेला गोळा न वितळवताच मंद ओव्हनमध्ये ठेवायची. रात्रभर तो आपला निवांत शिजायचा, सकाळी जुनिपर झुडपाच्या सुगंधी बिया घातलेल्या मिठाच्या पाण्यात पाच तास बुडी, आणि मग सुरीखाली लोण्यासारखा. जीभ उकडली, काळीज धुरावर धरलं, हाडांचं सूप केलं. सुट्टीला गावी आलेली लेकरं-नातवंडं दुपारपासून खिडकीखाली घुटमळायची. बायका घरून बटाटे आणायच्या, पुरुष लाकडं फोडायचे. गावातले कुत्रे कडा खाऊन इतके फुगले की एकाचा पट्टा दोनदा सैल करावा लागला.

"अगं, दोन हजार बारा सालचं निघालं!" हिलेवी एकदा पुडकं नाचवत आली. "माझ्याच कप्प्यातून! मला वाटलं होतं मी मोठी नेटकी!"

"तू नेटकी? तुझ्या कप्प्यात वरून खाली गेलं की इतिहासाचा तास."

"गप बस आणि चव बघ."

चव बघितली. उत्तम होती. मूसला चरबी कमी, घट्ट बांधलेलं मांस कुठं बिघडतंय! मायलिस आनंदाने वेडी व्हायची बाकी होती. दर शनिवारी ती रिकाम्या कप्प्याच्या दारावर खडूने गोल काढायची. पाच गोल. नऊ गोल. ऑगस्ट मध्यावर आला तेव्हा चौदा. सकाळी उठली की आधी बंदूक पुसायची, मग सुऱ्या, आणि मग स्वतःशीच मोठ्याने म्हणून बघायची, "हा कोणाचा? मायलिसचा!" शेजारच्यांना ऐकू जायचं, पण कोणी काही बोललं नाही.

शेवटच्या आठवड्यात, बुधवारी, वीस गोल झाले होते. उरले चार कप्पे. एक सात नंबर, टोर्गनीचा. आणि एकोणीस, वीस, एकवीस. यांचे तिघंही मालक गाव सोडून गेल्याला जमाना झाला होता, म्हणून मायलिसने ते कधी मोजलेच नव्हते. आता सहज म्हणून तिघांना फोन लावला. तिघांचं उत्तर एकच, "आम्ही तर रिकामे करून गेलो होतो, बाई."

मग तिने ते उघडले, आणि बघते तर काय! तिन्ही ठासून भरलेले. नीट गुंडाळलेली पुडकी, साल घातलेलं, मांडी की खांदा तेही लिहिलेलं, फक्त नाव नाही. गेल्या तीन वर्षांचं मांस, एकही पुडकं न फोडलेलं. पन्नास-साठ किलो तरी होतं, आणि हातात चार दिवस! मग तिचं लक्ष दोऱ्यांकडे गेलं. प्रत्येक पुडक्यावर एकच गाठ, दोन वेढे आणि खालून फास. गावात अशी गाठ एकच माणूस मारतो, आणि आपला कुत्राही तो तशाच गाठीने बांधतो.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोली भरलीये म्हणून मला नाही म्हणणारा हा, आणि भरणाराही हाच! किल्ली फिरवून ती निघाली ती तडक टोर्गनीच्या घरी.

टोर्गनी पायऱ्यांवर बसला होता. एका पायात रबरी बूट, दुसऱ्यात नुसता लोकरीचा मोजा. बाजूला बशीत काकडी आणि ओटची पेज.

"टोर्गनी! एकोणीस, वीस, एकवीस! काय आहे हे?"

"हळू बोल."

"जन्मात हळू बोलले नाही, आज का बोलू? तुझीच गाठ आहे ती!"

टोर्गनीने पेजेची बशी उगाचच इकडची तिकडे केली. मग मोज्याकडे बघत म्हणाला, "गाउट आहे."

"काय?"

"गाउट. सांध्यांचा रोग, अंगठा सुजतो. डॉक्टरीण म्हणाली, मूस बंद. तीन वर्षं झाली."

मायलिसला आधी खदखदून हसू आलं. मूसच्या शिकारीचा म्होरक्या, आणि मूस खाल्ला की अंगठा टोमॅटो! पण त्याचा चेहरा बघून तिने हसू गिळलं.

"मग वाटा घेतोस कशाला?"

"काय करू? वाटा नको म्हणालो असतो तर का ते सांगावं लागलं असतं. सगळे हसले असते. आणि मग काठी कोणाच्या हातात राहिली असती?" त्याने घसा खाकरला. "ज्याला वाटा नाही, मायलिस, त्याला कोण विचारतं?"

"हे तू मला सांगतोयस?"

हे वाक्य मात्र ती हळू बोलली. इतकं हळू, की टोर्गनीने मान वर केली. तो कानापर्यंत लाल झाला. त्याला जे कळायला हवं होतं ते कळलं असावं.

"गावाला सांगशील?"

"किल्ली सव्वीस वर्षं माझ्याकडे आहे. कोणाच्या कप्प्यात काय आहे ते मी कधी कोणाला सांगितलंय?" ती वळली. तिचा आवाज परत जागेवर आला. "पण बटाटे तू सोलायचेस. सगळे! आणि सात नंबरमधलंही काढ आता."

एवढं मांस खायला नोरोसेनची तोंडं पुरणार नव्हती. सगळ्यांच्या पोटाला आधीच तडस लागलेली. हिलेवीने तर मूस शब्द ऐकला तरी ढेकर येतो म्हणून सांगितलं. तेव्हा मायलिसने कधी कोणी केलं नव्हतं ते केलं. तिने तळ्यापलीकडच्या मंडळाला जेवायला बोलावलं. त्यांच्याशी नोरोसेनचं वैर जुनं. कोणाचा मूस कोणाच्या हद्दीत पडला यावरून तीस वर्षं बोलणं नीट नव्हतं.

"तुमच्याकडे खाणारे आहेत का," तिने फोनवर विचारलं, "की नुसते बोलणारे?"

"किती खायचंय?" पलीकडून आवाज आला.

"तुम्हाला झेपणार नाही इतकं."

झालं! रविवारी दुपारी अख्खी पलीकडची वस्ती गाड्या भरून हजर. म्हातारे, पोरं, नव्वदीच्या एक आजी चाकांच्या खुर्चीत. मायलिस तीन दिवस जवळजवळ चुलीपुढेच उभी होती. पातेल्यांत रस्सा, ओव्हनमध्ये गोळे, अंगणात धुराचं पिंप. टोर्गनी कोपऱ्यात स्टुलावर बसून बटाटे सोलत होता. हाताला फोड आले तरी हूं की चूं नाही.

"एवढं आलं कुठून?" हिलेवीने विचारलं.

"जुन्या कप्प्यांतून," मायलिस म्हणाली, आणि टोर्गनीची सुरी क्षणभर थांबली.

पलीकडचे लोक काय जेवले! पैजा लागल्या, पट्टे सैल झाले, एकाने तर खुर्चीवर चढून जाहीर केलं की हद्दीचा तो मूस मुळात नोरोसेनचाच होता. त्याच्या बायकोने त्याला खाली ओढलं, पण तोवर टाळ्या पडल्या होत्या. साडेपाचला शेवटचं पातेलं तळाला गेलं. त्यात चार गोळे उरले आणि कोणाच्याच पोटात जागा नाही. मायलिसने घड्याळाकडे बघितलं. चार गोळ्यांसाठी वाटा जायचा की काय! तेवढ्यात चाकांच्या खुर्चीतल्या आजींनी बशी पुढे केली.

"मला कोणी विचारलंच नाही अजून," त्या म्हणाल्या आणि चारही संपवून रस्सा पावाने पुसून खाल्ला.

सहाला पाच मिनिटं असताना हिलेवी वही घेऊन फ्रीझरखोलीत शिरली. एकेक दार उघडलं, बघितलं, लावलं. चोवीस. मग टोर्गनी लंगडत आत आला, सात नंबरच्या कप्प्यात डोकावला आणि म्हणाला, "मंजूर." मायलिसने एवढ्या जोरात आरोळी ठोकली की बाहेर कुत्रे भुंकायला लागले.

दुसऱ्या दिवशी शिकार सुरू झाली. मायलिस दोन दिवस आपल्या जागेवर श्वास रोखून बसली आणि तिने एकूण दोन कोल्हे आणि एक वाट चुकलेला सायकलवाला पाहिला. तिसऱ्या दिवशी टेकडीपलीकडे हिलेवीने मोठा नर पाडला. ओढून आणायला मायलिस सर्वांत पुढे. मांस आठवडाभर थंड शेडमध्ये टांगलं, आणि मग वाटे घालायचा दिवस आला.

मायलिस नवी परात घेऊन आली. तांबडी, मुद्दाम आणलेली. टेबलावर डहाळ्या, डहाळ्यांवर ढीग. तिने मोजले. परत मोजले. बारा.

तिचा चेहराच उतरला. हातातली परात जड झाली.

"टोर्गनी," ती म्हणाली, "बाराच आहेत."

"बाराच."

"वहीत लिहिलंय! मंजूर म्हणालास तू!"

टोर्गनीने हातातली काठी हिलेवीकडे दिली. लंगडत भिंतीपाशी गेला, जिथे सव्वीस वर्षं मायलिस उभी राहायची तिथे, आणि टेबलाकडे पाठ केली.

"मी माझा वाटा सोडलाय," तो भिंतीला म्हणाला. "मला गाउट आहे. मूस चालत नाही. तीन वर्षं तुमच्यापासून लपवलं, खोली मीच भरत होतो. आता हसा."

सगळे हसले. चांगले पोट धरून हसले. कोणीतरी विचारलं, काकडीची शिकार कुठल्या बंदुकीने करतोस? टोर्गनीचे खांदे हलायला लागले. तोही हसत होता.

"पुरे!" तो म्हणाला. "पुकारणाऱ्याला वाटा नसावा, हा नियम आहे. आता मला वाटा नाही. चल, हिलेवी."

हिलेवीने काठी टेकवली. "हा कोणाचा?"

त्याने एक नाव घेतलं. मग दुसरं. तिसरं. माणसं "आलं!" म्हणत पुढे जात होती. मायलिसचे ओठ सवयीने आपोआप हलत होते, प्रत्येक नाव ती मनात म्हणत होती. आठ झाले. हिलेवीने काठी नवव्या ढिगावर ठेवली. तो ढीग काही बरा नव्हता, त्यात मान आणि नळीची हाडंच जास्त.

"हा कोणाचा?"

"मायलिसचा," भिंतीकडून आवाज आला.

कोणी पुढे गेलं नाही. सगळे मायलिसकडे वळले. गावातला सर्वांत मोठा आवाज त्या बाईचा, पण तिच्या तोंडून शब्द फुटेना. तिने परात छातीशी धरली होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"अगं, तुलाच पुकारलंय!" हिलेवी ओरडली.

टोर्गनीने मागे वळून पाहिलं नाही, नियमच तसा होता. त्याने फक्त पुन्हा एकदा, जरा मोठ्याने म्हटलं, "मायलिसचा!"

"आलं!" मायलिस म्हणाली, आणि परात घेऊन पुढे गेली.